तीर्थ पाण्यात धरत नाहीत

रोहिणी आणि श्रेयसची पहिली भेट झडतीने झाली. झडती घेणारी ती, देणारा तो.

जानेवारीतली सकाळ होती. देवळाली कॅम्पातल्या त्या वृद्ध-शुश्रूषा केंद्राच्या पायरीवर एक उंच तरुण उभा होता. काखेत हेल्मेट, एका हातात फुगलेली पिशवी आणि दुसऱ्या हातात फडक्याने तोंड बांधलेला तांब्याचा तांब्या. थंडीने त्याचं नाक लाल झालं होतं. त्याला आत जायचं होतं आणि दारात निळ्या स्वेटरातली सिस्टर उभी होती.

"कोणाकडे?"

"वेणीमाधव गुरुजींकडे. परवाच आणलंय त्यांना इथे. मी नातू त्यांचा… श्रेयस."

"पिशवी दाखवा."

पिशवीतून आधी शहाळं निघालं. मग थर्मासमध्ये आईने भरून दिलेलं मुगाचं कढण, लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि तळाशी कागदात गुंडाळलेली द्राक्षं. रोहिणीने एकेक वस्तू काढून शेजारच्या टेबलावर मांडली.

"यातलं काहीच आत जाणार नाही."

"द्राक्षं तरी? पिंपळगावची आहेत."

"द्राक्षात काय असतं?"

"गोडी."

"पाणी असतं," रोहिणी म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून तिचा आवाज जरा खाली आला. "हे बघा, गुरुजींचं हृदय थकलंय. प्यालेलं पाणी अंगातच साठतं, पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. म्हणून डॉक्टर मॅडमनी दिवसाचं पाणी ठरवून दिलंय. चहा, दूध, आमटी, सगळं त्यातच धरायचं. मीठ नावापुरतं. त्यांनी सांगितलंय तसंच आणि तेवढंच द्यायचं, हे माझं काम."

"आणि ते करताना हसायचं नाही, असंही सांगितलंय?"

रोहिणीने त्या प्रश्नाकडे साफ दुर्लक्ष केलं. "त्या तांब्यात काय आहे?"

"घरच्या देवांचं तीर्थ. आजोबा इकडे आल्यापासून पूजा मी करतो. जमेल तशी."

आणि मग जे झालं त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. द्राक्षाच्या घडाला गुन्हेगार ठरवणाऱ्या त्या मुलीने पायातल्या चपला बाजूला सारल्या, उजवा हात खोलगट करून पुढे धरला. श्रेयसने फडकं सोडलं, पळीभर तीर्थ तिच्या तळहातावर घातलं. ते पिऊन तिने ओला हात डोळ्यांना लावला, केसांवरून फिरवला आणि दारातून बाजूला झाली. तांब्या आत गेला.

रोहिणी हरसूलची. घरी भात-नागलीची शेती, गावात देऊळ, देवळात गेलं की हात आपोआप पुढे होणार. नर्सिंगच्या तीन वर्षांत तिला सूप, सरबत, औषधाबरोबरचा घोट, सगळं मोजायला शिकवलं होतं. पण तीर्थ पाण्यात धरत नाहीत. कुणाच्याच घरी धरत नाहीत.

*

श्रेयस रोज यायला लागला. पंचवटीहून देवळाली म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला, तेही थंडीत आणि मोटारसायकलवर. अंबडच्या एका कारखान्यात तो माल तपासायच्या खात्यात होता. शिफ्ट दुपारची, त्यामुळे सकाळ मोकळी.

"शिस्टर, तुमचा तांब्यावाला आला बगा," चतुराबाई हाक द्यायची. ती केंद्रात म्हाताऱ्यांना उठवणं-बसवणं, न्हाऊमाखू घालणं करायची, आणि मधल्या वेळात सगळ्यांच्या आयुष्यावर नजर ठेवायची.

"माझा कशाला? गुरुजींचा आहे."

"आसंल, आसंल. पन लय भक्तीचं पोरगं हाय. येवढी भक्ती मी म्हाताऱ्या मान्सांत बी पाह्यली नाय."

गुरुजी खाटेवर बसलेले असायचे. पंचवटीत जन्मभर लोकांची धर्मकार्यं केलेला माणूस. आवाज अजून खणखणीत, फक्त वाक्याच्या शेवटी श्वास कमी पडायचा. रोहिणी रोज सकाळी त्यांना वजनकाट्यावर उभं करायची.

"रोज तुला करतेस काय गं माझी?" ते विचारायचे. "सोन्याने करणार की गुळाने?"

"वजन वाढलं नाही तर पेढ्यांनी करीन, गुरुजी. पेढे मात्र मी खाणार."

श्रेयस खिडकीशी उभा राहून हे ऐकायचा. ही मुलगी नियमाला कडक होती, पण नियम पाळता पाळता माणसाला जपायची तिला युक्ती होती. दिवसाचं पाणी ती लहान लहान वाट्यांत वाटून ठेवायची, म्हणजे दर थोड्या वेळाने काहीतरी मिळाल्यासारखं वाटावं. गुरुजींच्या तोंडाला कोरड पडली की जिभेवर वेलदोड्याचे दाणे ठेवायची. पाय उशीवर उचलून ठेवताना आधी आपले गार हात एकमेकांवर चोळून ऊन करायची. हे शेवटचं कुठल्याही डॉक्टरने लिहून दिलेलं नव्हतं. श्रेयसने ते पाहिलं आणि त्या दिवशी कारखान्यात त्याच्या हातून खराब माल पास होता होता राहिला.

"आमच्याकडे केसाएवढा फरक असला तरी माल परत जातो," तो एकदा तिला ऐटीत सांगत होता.

"मग गुरुजींचं पाणी मोजायला तुम्हालाच ठेवायला हवं."

"ठेवा ना. पगार नको."

"मग काय हवं?"

तो काहीतरी बोलणार होता… पण नुसता हेल्मेटचा पट्टा उगाच काढत-लावत राहिला. रोहिणीने वाट्या मांडायला घेतल्या. त्यातली एक तिने दोनदा मांडली.

"डॉक्टरांनी हसायचं किती लिहून दिलंय, ते पहिल्या दिवसापासून विचारतोय मी," शेवटी तो म्हणाला.

"लिहून दिलेलं नाही."

"म्हणजे हवं तेवढं?"

"म्हणजे बंद. लिहिलेलं नसेल ते आम्ही देत नाही." एवढं गंभीरपणे सांगून ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि भिंतीला टेकून मनमुराद हसली. चतुराबाईने ते पाहिलं आणि तिला वर्षभर पुरेल एवढा माल मिळाला.

रोहिणीला तो आवडायला लागला होता. आता ते नाकारण्यात काही अर्थ नव्हता. फाटकाबाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज तिला कामात असतानाही ऐकू यायचा. मग तीर्थासाठी हात पुढे करायचा, तेवढा वेळ तो समोर असायचा, मान खाली घालून, सांडू नये म्हणून सगळं लक्ष तिच्या तळहाताकडे लावून. तेवढ्या वेळात ती त्याच्याकडे पाहून घ्यायची.

*

फेब्रुवारी लागला आणि गुरुजींचे पाय सुजायला लागले.

आधी मोज्याच्या काठाचा वळ दिसू लागला. मग घोटा भरून आला. काटा रोज थोडा थोडा पुढे सरकायला लागला, आणि एका दुपारी गुरुजींना आडवं होववेना. ते खुर्चीतच टेकून बसले, पाठीशी दोन उशा घेऊन. त्या दिवशी तुलेचा विनोद त्यांनी केला नाही.

डॉक्टर आभा आल्या. मोजकं बोलणाऱ्या, सरळ विचारणाऱ्या. नडगीवर बोट दाबून पडलेला खड्डा त्या पाहत राहिल्या.

"रोहिणी, पाणी ठरल्याप्रमाणेच जातंय ना?"

"हो मॅडम. मी स्वतः देते."

"बाहेरचं काही?"

"दारातच थांबवते."

"मग हे कशानं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "उद्या संध्याकाळपर्यंत बघू. नाहीच उतरलं तर लघवीची गोळी वाढवावी लागेल. त्यांची मूत्रपिंडं आधीच नाजूक आहेत, मला ते आवडत नाही. पण दुसरा इलाज दिसत नाही."

रोहिणी त्या रात्री नीट झोपली नाही. आपण कुठे चुकलो, हे ती पुन्हा पुन्हा तपासत होती आणि कुठेच चूक सापडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रेयस आला, थोडा वेळ आजोबांच्या सुजलेल्या पायांशी बसला. नेहमीसारखा तांब्या खाटेशेजारी ठेवून जाताना रोहिणीला एवढंच म्हणाला, "तुम्ही आहात म्हणून मला भीती कमी वाटते." रोहिणीला ते वाक्य फार आवडलं आणि फार जडही वाटलं.

ती रक्तदाब घ्यायला खोलीत शिरली, तेव्हा गुरुजींनी तांब्या दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला होता. मान मागे, डोळे मिटलेले. घटाघटा पीत होते. तांब्या रिकामा झाला तेव्हाच खाली आला.

"गुरुजी… हे काय?"

"तीर्थ," ते ओठ पुसत म्हणाले. "पळीभर घ्यायचं, उरलेलं तुळशीला. इथे तुळस कुठे? आणि तीर्थ मोरीत ओतायचं नसतं गं. म्हणून संपवतो झालं."

"रोज?"

"रोज येतं, रोज संपवतो." आणि मग, तहानलेल्या माणसाचं खरं बोलणं त्यांच्या तोंडून निघून गेलं. "बरं वाटतं घशाला."

रोहिणीने रिकामा तांब्या उचलला. रोज तिच्या डोळ्यांदेखत तो तांब्या आत गेला होता. आणि तिने त्याला चपला काढून वाट दिली होती.

व्हरांड्यात येऊन ती कठड्याला धरून उभी राहिली. दूर लष्कराच्या फायरिंग रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला होता, खिडक्यांच्या काचा हलक्या थरथरत होत्या. श्रेयसला हळूच सांगितलं तर? उद्यापासून तांब्या बंद, आठवड्यात सूज उतरेल, कुणाला काही कळायचं नाही. पण गोळी आज संध्याकाळीच वाढणार होती. आणि मॅडमना सांगितलं तर केंद्राचा नियम होता. बाहेरचं खायला-प्यायला देणाऱ्या नातेवाइकाची सकाळची भेट बंद, फक्त रविवारी यायचं, तेही कुणाच्या तरी देखरेखीखाली. शिवाय त्याला कळणार होतं की आजोबांना हे दुखणं त्याच्या हातून झालं. तो पुन्हा तिच्याकडे तसा बघेल की नाही… हे काही तिला सांगता येत नव्हतं.

तिला रडू आलं. ते आवरून तिने फोन लावला.

"मॅडम, काल मी हो म्हणाले ते चुकीचं होतं."

डॉक्टर आभा तासाभरात आल्या. सगळं ऐकून घेतलं, रिकामा तांब्या हातात घेऊन त्याचा अंदाज घेतला.

"हा तुला रोज दिसत होता?"

"दिसत होता. मी रोज त्यातलं हातावर घेतलंय."

डॉक्टरांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मीही घेतलं असतं." गोळी वाढली नाही.

मग त्या गुरुजींकडे वळल्या. "गुरुजी, रोज आणायला तुम्ही सांगितलं होतं का?"

गुरुजींनी छताकडे पाहिलं. "मुलगा श्रद्धाळू आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी शाल कानांवर ओढून घेतली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनने श्रेयसला फाटकातच थांबवलं. हे आपणच सांगायला हवं म्हणून रोहिणी बाहेर गेली. सगळं सांगितलं, काही न गाळता. तांब्याचं, गोळीचं, नियमाचं.

"मॅडमना कोणी कळवलं?"

"मी."

"मला आधी सांगितलं असतंत तर…"

"तर तोवर गोळी गेली असती पोटात."

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने तांब्याच्या फडक्याची गाठ पुन्हा घट्ट केली, ती सुटली नव्हती तरी, आणि मोटारसायकल वळवून निघून गेला.

तीर्थ मात्र डॉक्टरांनी बंद केलं नाही. त्यांनी लिहून दिलं की रोज सकाळी एक पळी, सिस्टरच्या हातून, दिवसाच्या पाण्यात धरून. रविवारी श्रेयसची आई घरचा बाळकृष्ण आणि ताम्हन-पळी घेऊन आल्या आणि खाटेशेजारच्या कपाटावर मांडून गेल्या.

"श्रेयस नाही आले?" रोहिणीने शक्य तितक्या सहज विचारलं.

"कामात आहे म्हणतो," त्या म्हणाल्या. "खरं म्हणजे घरात नुसता बसून असतो. आजोबांना तोंड दाखवायची लाज वाटते म्हणे."

सोमवारी गुरुजींनी बसल्या जागी पूजा केली. रोहिणीने पळी हातात घेतली तेव्हा ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"जन्मभर दुसऱ्यांच्या हातावर तीर्थ घातलं," ते म्हणाले. "मागायची वेळ आली नव्हती कधी."

"मी डॉक्टरांना विचारू का दुसरं काही?"

"नको." त्यांनी तळहात पुढे केला. म्हातारा, कापरा हात, तरी बोटं कशी अगदी शिकवल्यासारखी जुळली होती. "पळी पूर्ण भर मात्र. हात आखडू नकोस."

ती पळी रोहिणीने काठोकाठ भरली आणि मग नेहमीच्या वाटीतलं तेवढं पाणी कमी केलं. गुरुजींनी ते पाहिलं आणि खूष होऊन म्हणाले, "पक्की आहेस."

हळूहळू सूज उतरत गेली. घोट्याचं हाड पुन्हा दिसायला लागलं. गुरुजी रात्री आडवे होऊन झोपायला लागले आणि तुलेच्या गप्पाही सुरू झाल्या. डॉक्टरांनी व्यवस्थापकांना सांगून सकाळची भेटही उघडून दिली. सगळं सुधारलं. फक्त फाटकाबाहेर आवाज येत नव्हता.

चतुराबाईने दोन-चार दिवस रोहिणीची मुद्रा पाहिली. "म्या मनलं, फोन लावा," ती न राहवून म्हणाली. "मान कशाला आडवा घालायचा?"

"मान नाही, मावशी. त्यांच्या आजोबांच्या दुखण्याचा दोष मी त्यांच्या पदरात टाकला. आता फोन करून काय म्हणू?"

चतुराबाई झाडू घेऊन निघून गेली.

*

श्रेयस आला तो असाच एका सकाळी. थंडी ओसरली होती, म्हाताऱ्यांना उन्हात बसवलं होतं. गुरुजी खुर्चीत डुलक्या घेत होते. रोहिणीने मान वर केली तर तो फाटकात उभा, हातात एक लहानशी कुंडी, कुंडीत तुळस.

"उरलेल्या तीर्थासाठी," तो म्हणाला. "उशिराच सुचलं."

"आता उरत नाही. एकच पळी असते."

"मग… नुसती असू दे."

कुंडी खाली ठेवायचं सोडून तो ती हातातच धरून उभा राहिला. त्याने आजोबांच्या पायांकडे पाहिलं, बारीक झालेल्या घोट्यांकडे.

"मी तुमच्यावर रागावलो नव्हतो. तुम्हाला तसं वाटलं असेल."

"वाटलं."

"मला माझीच लाज वाटत होती. मॅडमनी आजोबांना विचारलं ना, रोज आणायला कोणी सांगितलं… आईकडून कळलं मला. आजोबांनी माझं नाव सांभाळलं." तो थांबला. "त्यांनी मला फक्त सोमवारचं आणायला सांगितलं होतं. आठवड्यातनं एकदा, तेही थोडंसं. बाकीचे दिवस माझे होते."

"तुमचे म्हणजे?"

"रोज यायला काहीतरी कारण हवं होतं. पिशवी तर तुम्ही पहिल्याच दिवशी रिकामी केलीत. तांब्या तेवढा सोडलात." त्याने मान खाली घातली. "तुम्ही हात पुढे करायचात. तेवढ्यासाठी पंचवटीहून यायचो मी. आणि तांब्या अर्धा कशाला न्यायचा, म्हणून भरून आणायचो. माझ्या त्या येण्याने त्यांचे पाय सुजले, रोहिणी. हे कुणाला सांगू?"

तिने पहिल्यांदाच त्याच्या तोंडून आपलं नाव ऐकलं होतं, आणि तेही अशा वाक्यात. तिला क्षणभर राग आला, खरा राग. तुलेचा विनोद न करता उशांना टेकून बसलेले गुरुजी तिच्या डोळ्यांसमोर आले. मग त्यांच्यामागोमाग, चपला काढून रोज दारात उभी राहणारी ती स्वतः आली.

"मला सांगा," ती हळूच म्हणाली. "कारण तो तांब्या किती भरलेला आहे, हे मी एकदाही पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, कामच ते माझं. पण तुम्ही पळी धरायचात तेव्हा… मी तांब्याकडे बघतच नव्हते."

श्रेयसने वर पाहिलं. उन्हात कुणीतरी म्हातारं माणूस खोकलं, आत भांड्यांचा आवाज झाला, आणि रोहिणीला वाटलं की आता आपण काही बोललो नाही तर हा पुन्हा गाडी वळवून जाईल आणि ते आपल्याला सोसणार नाही.

"सकाळची भेट उघडली आहे," ती म्हणाली. "कधीच उघडली."

"ऐकलं. पण आता काय घेऊन येऊ? तीर्थ तुमच्याकडेच असतं. बाकी सगळं बंद."

रोहिणीने त्याच्या हातातली कुंडी घेतली आणि गुरुजींच्या खुर्चीशेजारी उन्हात ठेवली. मग ती त्याच्याजवळ परत आली.

"उद्यापासून रिकाम्या हातानं ये," ती म्हणाली. "माझ्याकडे ये."

खुर्चीतल्या गुरुजींनी डोळे न उघडता आपली शाल जरा कानांवरून मागे सारली. रोहिणीने ते पाहिलं, पण तिला आता कुणी ऐकलं तरी चालणार होतं.